दोनशे चाळीस नंबरचं दार

मी कॉम्प्युटरमध्ये नोकरी केली असं कळलं की आमच्या मुलुंडच्या सोसायटीतली माणसं आपापला मोबाइल माझ्यापुढे धरतात. "तांबे मॅडम, हे बघा ना, फोटो दिसेनासे झालेत." मी चष्मा लावते, फोन एकदा बंद करून चालू करते आणि नाही जमलं तर परत देते. त्यांचा चेहरा पडतो. इतकी वर्षं कॉम्प्युटरमध्ये काढली आणि बाईंना एवढंही येत नाही! आता यांना काय सांगायचं, की मी ज्या यंत्रावर आयुष्य घालवलं ते कपाटाएवढं असतं, त्याला फोटो-बिटो काही ठाऊक नसतं, आणि तुमची पेन्शन महिन्याच्या महिन्याला खात्यात पडते ती मात्र त्याच्याच जिवावर.

त्याला मेनफ्रेम म्हणतात. अंधेरीला, मरोळच्या बाजूला, पाटी नसलेल्या एका इमारतीत आमचं केंद्र होतं. काही सहकारी बँकांचे सगळे व्यवहार तिथल्या यंत्रावर चालायचे. मेनफ्रेम संपली, मेली, हे मी नोकरीला लागले तेव्हापासून ऐकत आले. मी रिटायर झाले, ती अजून कामावर आहे.

बँकेचे प्रोग्रॅम लिहिणारे लोक वेगळे. आम्ही यंत्राची घरव्यवस्था बघणारे. या यंत्रात एका वेळी शेकडो प्रोग्रॅम नांदतात. प्रत्येकाला आपापली खोली. दुसऱ्याच्या खोलीत पाऊल टाकलं की यंत्रणा, म्हणजे यंत्राचा सगळा कारभार बघणारा मूळ प्रोग्रॅम, त्याला तिथल्या तिथे अडवते. यंत्रणेच्या स्वतःच्या प्रोग्रॅमना मात्र कुठेही जाता येतं, काहीही बदलता येतं. हे बरोबरच आहे, घरात कुणाच्या तरी कमरेला किल्ल्यांचा जुडगा हवाच. पंचाईत होते ती साध्या प्रोग्रॅमला मोठ्या अधिकाराचं एखादं छोटंसं काम पडतं तेव्हा. समजा, त्याला एवढंच विचारायचं आहे की व्याज लावायचं आजचं काम संपलं का. ते यंत्रणेच्या खोलीतल्या फळ्यावर लिहिलेलं असतं आणि ती खोली याला बंद. मग याला आत सोडायचं, की याच्या वतीने आपण आत जाऊन बघून यायचं? माझी सगळी नोकरी या एका प्रश्नात गेली म्हटलं तरी चालेल.

मला हे काम परबसाहेबांनी शिकवलं. मूळचे मालवणकडचे, वडील गिरणी कामगार, पुढे दहिसरला घर केलेलं. ऑफिसात बेतास बात मराठी बोलायचे, पण चिडले किंवा माया दाटली की सरळ मालवणीवर यायचे. त्यांची एक सवय सगळ्या केंद्राला माहीत होती. मशीन हॉलचं काचेचं दार मागे आपोआप लागायचं, तरी परबसाहेब वळून त्याची मूठ ओढून बघायचे. मग दोन पावलं जायचे आणि परत येऊन पुन्हा ओढायचे. आम्ही हसायचो. "हसा," ते म्हणायचे, "दार लागलंय असं वाटणं वेगळं आणि लागलेलं असणं वेगळं." हळूहळू मलाही ती खोड लागली. आजही घराबाहेर पडताना मी कुलूप दोनदा ओढते आणि लिफ्टमधले लोक ताटकळतात.

खंडेनवमीला यंत्राची पूजा परबसाहेबांच्याच हातची. हॉलच्या आत फूल न्यायला बंदी, पाकळी कुठल्या पंख्यात जाऊन बसेल याचा नेम नाही. म्हणून झेंडूचा हार काचेच्या दाराला बाहेरून लागायचा. घरून स्वतः ओवून आणायचे.

या माणसाने, मी लागायच्या कितीतरी आधी, एक दार बांधून ठेवलं होतं.

यंत्रणेकडे कामं मागायची तर प्रत्येक कामाला नंबर असतो. शेवटचे काही नंबर त्या त्या केंद्राने आपल्या सोयीसाठी वापरावेत म्हणून मोकळे सोडलेले असतात. त्यातला दोनशे चाळीस आमचा. त्या काळी प्रोग्रॅमवाले रोज दारात उभे, आज हे हवं, उद्या ते हवं. परबसाहेब एकटे. त्यांनी सगळ्यांसाठी एकच सोय केली. प्रोग्रॅमने दोनशे चाळीसवर ठरलेली खूण दाखवून टकटक करायची, की त्याला यंत्रणेचे सगळे अधिकार मिळायचे. त्याने आपलं काम करायचं आणि पुन्हा टकटक करून अधिकार परत द्यायचे. दार उघड, काम कर, दार लाव. खूण गुप्त होती म्हणे. अख्ख्या केंद्राला पाठ होती. नवा माणूस आला की पहिल्याच आठवड्यात शेजारचा त्याला सांगायचा, "यंत्रणा ऐकत नसेल तर या तीन ओळी टाक." जुन्या प्रोग्रॅममधून उचलायच्या, आपल्यात चिकटवायच्या. दार कुणी बांधलं हे पुढच्या लोकांना ठाऊकही नव्हतं. वेळ विचारायला आलेल्याच्या हातात आम्ही घराच्या किल्ल्या देत होतो, आणि इतकी वर्षं घर लुटलं गेलं नाही म्हणून सगळं ठीक आहे असं समजत होतो. मी दोन-तीनदा विषय काढला होता. उत्तर ठरलेलं, "चाललंय ना? मग हात कशाला लावायचा?"

आणि एका सकाळी, बँकांच्या शाखा उघडून तास झाला नसेल, यंत्र उभ्या उभ्या थांबलं.

मेनफ्रेम अशी थांबत नाही. तिची ख्यातीच ती. फोनवर फोन सुरू झाले. शाखांमधून रांगा लागलेल्या, पेन्शनीचा दिवस, म्हातारी माणसं पासबुक घेऊन उभी. आम्ही ते पुन्हा सुरू केलं तेव्हा दुपार उलटून गेली होती. मग यंत्र पडताना त्याच्या पोटात काय होतं ते मी वाचत बसले. हे आमच्यातलं पोस्टमार्टेम.

झालं होतं असं. शाखांची कामं एका मोठ्या कायम चालणाऱ्या प्रोग्रॅममधून होतात, त्याला आम्ही ऑनलाइन म्हणतो. त्याच्या पोटात शेकडो छोटे प्रोग्रॅम. त्यातला एक पडला तर बाकीच्यांना झळ लागू नये म्हणून तो पडलेल्याला बाजूला सारतो आणि पुढे चालू लागतो. त्या दिवशी एका छोट्या प्रोग्रॅमने तीन ओळींतली पहिली म्हटली, दार उघडलं, आणि काम करता करता चुकीचा आकडा समोर आल्याने तो पडला. दार लावायची ओळ राहूनच गेली. ऑनलाइनने त्याला सारलं आणि पुढे चालू लागला, सगळ्या किल्ल्या हातात ठेवून. मग एका जुन्या प्रोग्रॅमने, ज्याला यंत्रणा रोज "ही तुझी जागा नव्हे" म्हणून अडवायची, नेहमीची चूक केली. त्या दिवशी अडवायला कुणी नव्हतं. त्याने यंत्रणेच्याच खोलीतल्या फळ्यावर बोळा फिरवला.

तो दार उघडणारा प्रोग्रॅम शिर्केचा होता.

शिर्के घाटकोपरचा. चाळिशी ओलांडलेला, कंत्राटावरचा, कामाला चोख आणि तोंडाने फटकळ. बायकोची नोकरी नुकतीच सुटलेली, मुलगी बारावीला. माझ्या टेबलापाशी आला तो तावातावाने.

"मॅडम, मला शिकवलं तेच मी केलं ना? तीन ओळी सगळेच टाकतात. मग वाट एकट्या माझीच का लागायची?"

"बस आधी."

"बसतो काय! मला खालून कळलंय, सोमवारी माझा पास बंद करणार आहेत. ज्याने हे दार बांधलं तो कुठेतरी आरामात बसला असेल. तो मला एकदा भेटू दे, मग बघतो."

मी त्याच्यापुढे खुर्ची सरकवली. केंद्रात जुनी अशी मी एकटीच उरले होते, त्यामुळे तो कुठे बसलाय हे मलाच तेवढं ठाऊक होतं.

आमचे केंद्रप्रमुख नाडकर्णी काही वाईट माणूस नव्हे. पण बँकेला एक नाव हवं होतं आणि कंत्राटावरच्या माणसाचं नाव सगळ्यात स्वस्त असतं. दार कुणी बांधलं ते मी त्यांना सांगितलं आणि म्हटलं, चूक माणसाची नाही, दाराची आहे. दार असंच बांधलंय की ते कधीतरी उघडं राहणारच. ते म्हणाले, "मॅडम, दार परबसाहेबांचं. इतक्या वर्षांत एक तक्रार नाही. ऑनलाइनमध्ये वापरू नका असं त्यांनी सांगितलेलंच असणार ना? तसं असेल तर नियम शिर्केने मोडला. तुम्ही त्यांना ओळखता. एकदा विचारून या. ते हो म्हणाले की विषय संपला." आणि मग जरा थांबून, "पुढच्या महिन्यात केंद्राचा वर्धापनदिन आहे. सत्काराला त्यांचंच नाव ठरलंय, माहीत आहे ना तुम्हाला?"

माहीत होतं. नाव मीच सुचवलं होतं.

मेट्रोने दहिसरला गेले. परबसाहेबांची जुनी इमारत पाडून तिथे टॉवर झालेला, ते वरच्या मजल्यावर. हाताला कंप आला होता, पण नजर तीच. काकूंनी चहा दिला आणि दारातच टेकल्या. मी सगळं सांगितलं.  दार उघडं राहिलं हे ऐकलं तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला, तो बशीवर वाजला.

"ऑनलाइनमध्ये ते कोणी नेलं?" त्यांनी विचारलं.

"कोणी एकाने नाही, साहेब. तीन ओळी सगळेच उचलतात."

मग मी नाडकर्णींचा प्रश्न विचारला. ऑनलाइनमध्ये हे वापरू नये असं तुम्ही कुणाला सांगितलं होतंत का?

 त्यांच्या आधी काकूच बोलल्या, "सांगितलाच आसतला. ह्येंका दारांची किती काळजी, तुका ठावक आसा ना!"

"तू गप रव गो," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "बाय, तू माका इचारूक इलंस की सांगूक?"

"विचारायला."

"मग आयक. मी कोणाक सांगूक नाय. माका सुचूकच नाय. मी बांधलंय तेव्हा ऑनलाइन होताच खंय? मागाहून इला. तेव्हा तरी माझ्या ध्यानात येवक व्हया होता. नाय इला." त्यांनी खिडकीकडे पाहिलं. खाली दहिसर नदी, तिची नदी म्हणावी अशी अवस्था राहिलेली नाही. "आता हो म्हटलंय तर त्या माणसाची भाकरी जाता. आनि दार? दार तसाच रवता. माझा नाव लिव. आनि दार मोड."

मला रडू आलं. ज्या माणसाने आयुष्यभर प्रत्येक दार दोनदा ओढून बघितलं, त्याच्या हातून हेच सुटावं! आणि ते तोंडावर मान्य करायला त्याला दोन मिनिटंही लागू नयेत. परतताना माझ्या मनात सारखं येत होतं, मी त्यांच्या जागी असते तर आधी नक्की म्हटलं असतं, "बहुतेक सांगितलं होतं बुवा."

अहवालात मी त्यांचं म्हणणं आहे तसं लिहिलं, खाली त्यांची सही घेतली. कंपामुळे ती ओळखू येईना, म्हणून त्यांनी अंगठाही उठवला. नाडकर्णींनी वाचलं, पुन्हा वाचलं आणि बँकेकडे पाठवलं. शिर्के राहिला, अट एकच, दोनशे चाळीस बंद करायचं. त्याला एवढंच कळलं की दार बांधणाऱ्याने असा नियम कधी केलाच नव्हता असं लिहून दिलंय. नाव गोपनीय. वर्धापनदिनाचा सत्कार "यंदा राहू दे" म्हणून राहिला. मी भांडून पाहिलं, उपयोग झाला नाही. परबसाहेबांनी त्याबद्दल कधी विचारलं नाही, आणि याची बोच मला अजून आहे.

दार मोडायचं तर लोकांची कामं अडता कामा नयेत. मी शिर्केला माझ्या हाताखाली मागून घेतलं. आम्ही एकेकाकडे जाऊन विचारलं, बाबा रे, तू दोनशे चाळीसवर नक्की जातोस कशाला? गंमत म्हणजे इतकी वर्षं लोक सगळ्या किल्ल्या घेत होते आणि कामं निघाली मूठभर. अमुक काम संपलं का, तमुक फाइल कुणाकडे अडकलीय, छपाईच्या रांगेत काय आहे. मग आम्ही दाराच्या जागी खिडक्या बांधल्या. एका खिडकीवर एकच काम. प्रोग्रॅमने अर्ज द्यायचा, आत आमचा प्रोग्रॅम जाऊन काम करून येणार, याच्या हातात फक्त उत्तर. किल्ली नाही.

ऐकायला सोपं वाटतं. पण अर्ज खिडकीत ठेवून अर्जदाराने त्यावर हात ठेवलेला असतो. तुम्ही वाचून बरोबर म्हणता आणि आत जाईपर्यंत तो त्यातला शब्द बदलतो. म्हणून आधी अर्ज आपल्याकडे उतरवून घ्यायचा, मग तपासायचा, आणि काम त्या उतरवलेल्यावरूनच करायचं. तू कोण, हे त्याला विचारायचं नाही, यंत्रणेला विचारायचं. आणि उत्तर कुठे ठेवायचं हे तो सांगतो, तेव्हा लबाड असेल तर शेजाऱ्याच्या खोलीत ठेवायला सांगेल. आपल्याला कुठेही जाता येतं, त्यामुळे आपण मुकाट ठेवूनही येऊ. म्हणून उत्तर देताना आपले अधिकार खुंटीला टांगायचे आणि त्याच्याच अधिकाराने पाऊल टाकायचं. जिथे तो जाऊ शकत नाही तिथे त्याच्या नावाने आपणही जायचं नाही. शिर्केला हे शेवटचं फार आवडलं. "मॅडम, साहेब लोकांना पण हेच शिकवा ना," म्हणाला.

लोकांनी आम्हाला शिव्या घातल्या. मेहता म्हणून घाटकोपरचाच एक प्रोग्रॅमर होता, तो आठवड्याला खाखऱ्याचं पाकीट घेऊन यायचा. "मॅडम, फक्त आजच्यापुरते फुल राइट्स द्या ना. तीन ओळींचं काम, तुम्ही अर्जबिर्ज काय लावलंय?" मी खाखरे घ्यायचे आणि त्याला खिडकी दाखवायचे. शेवटी त्याचं काम खिडकीवर आधीपेक्षा लवकर व्हायला लागलं, तेव्हा तो गप्प झाला. खाखरे मात्र बंद झाले.

ज्या दिवशी दोनशे चाळीस बंद केलं, मी दहिसरला फोन लावला. "साहेब, मोडलं."  पलीकडून एवढंच, "बरा केलंस."

त्या वर्षी खंडेनवमीला खालून फोन आला. गेटवर कुणी परब म्हणून आलेत, पास नाही. मी उठले. शिर्के शेजारीच होता, म्हणाला, "कोण परब?" मी म्हटलं, "चल माझ्याबरोबर."

परबसाहेब गेटच्या बाहेर उभे होते, शेजारी काकू, मागे रिक्षा. हातात केळीच्या पानात झेंडूचा हार. गार्ड नवा होता. "मॅडम, आधीची परवानगी नाही, मी नाही सोडू शकत. तुम्ही पण सांगू नका ना, प्लीज." मी तोंड उघडणार तेवढ्यात परबसाहेबच म्हणाले, "बरोबर आसा त्याचा. सोडू नको रे." आणि मग शिर्केकडे बघून मला विचारलं, "हो तोच काय?"

मी मान हलवली.

"दोनशे चाळीस माझा," ते शिर्केला म्हणाले. "माझ्यापायी तुका त्रास झालो."

 याने तोंड उघडलं तर काय बोलेल याचा भरवसा नव्हता. शिर्के त्यांच्याकडे बघत राहिला, मग त्यांच्या हातांकडे. हार थरथरत होता.

"ते लिहून तुम्हीच दिलंत?" त्याने विचारलं. "नियम नव्हता म्हणून?"

"नव्हताच. तर काय लिवतलंय?"

"तुम्ही नुसतं हो म्हणाला असतात, तर मी गेलो होतो."

"होय," परबसाहेब म्हणाले.

शिर्केने गेटच्या गजांमधून दोन्ही हात पुढे केले. "द्या इकडे, काका. मी लावतो."

तो हार घेऊन आत गेला. गार्डने काकूंना आपली खुर्ची दिली.  बऱ्याच वेळाने शिर्के परत आला.

"लावला. मधोमध, बाहेरून. आत एक पाकळी नाही गेली."

परबसाहेब अजून थांबलेले. त्यांना आणखी काहीतरी विचारायचं होतं आणि कसं विचारावं ते सुचत नव्हतं, हे मला दिसत होतं.

"आणि दार ओढून बघितलं," शिर्के म्हणाला. "दोन पावलं आलो, परत जाऊन पुन्हा बघितलं. लागलंय."

मी त्याला तसं सांगितलं नव्हतं. ही खोड त्याने माझं बघून उचलली होती, आणि ती मुळात कुणाची हे त्याला माहीत नव्हतं.

परबसाहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. मग काकूंकडे वळले आणि म्हणाले, "चल गो, आता घराक जावया."